सौरविमानाची रात्र

मोबाइलवर बोलता बोलता आपण डोंगराआड गेलो की आवाज तुटतो. लहरींच्या वाटेत डोंगर येतो, म्हणून. मनोरा जितका उंच, तितका त्याचा पल्ला मोठा. मग मनोरा वीस किलोमीटर उंच असला तर? तो बांधता येणार नाही. पण तेवढ्या उंचीवर एखादे विमान घिरट्या घालत ठेवता येईल, असे शास्त्रज्ञांना वाटले.

वीसच किलोमीटर का? प्रवासी विमाने दहा-बारा किलोमीटरवरून जातात. ढग, पाऊस बहुतांशी खालीच राहतात. वाराही तिथे तुलनेने मंद असतो. भूस्थिर उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर. तिथे जाऊन परतायला संदेशाला पाव सेकंद लागतो. विमानाकडून तो जवळजवळ लगेच येतो.

इंधनासाठी खाली उतरायचे नाही, म्हणून पंखांवर सौरघट बसवतात. २००२ मध्ये हवाई बेटांपैकी कवाईवर नासाच्या ‘पाथफाइंडर प्लस’ विमानातून दूरचित्रवाणी आणि मोबाइलचे संदेश पाठवण्यात आले. २०२० मध्ये ‘सनग्लायडर’ने अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत सुमारे १९ किलोमीटरवरून साध्या स्मार्टफोनवर व्हिडिओ कॉल जोडून दिला. म्हणजे संदेश पोचतो, यात शंका नाही.

खरी परीक्षा सूर्यास्तानंतर सुरू होते. रात्रभर पंखे फिरवायला दिवसा साठवलेली वीज हवी. साठवण म्हणजे बॅटरी आणि बॅटरी म्हणजे वजन. त्या उंचीवर हवा जमिनीलगतच्या हवेच्या चौदाव्या हिश्शाइतकीच दाट. म्हणून पंख खूप लांब आणि अगदी हलके हवेत. आणि हलके म्हणजे नाजूक.

नासाच्या ‘हेलिऑस’चे पंख ७५ मीटरचे होते. २००१ मध्ये ते साडेएकोणतीस किलोमीटर उंच गेले. २६ जून २००३ रोजी रात्रीच्या विजेसाठी इंधनघट घेऊन ते कवाईवरून निघाले. अर्ध्या तासातच, फार उंच जाण्याआधी, खळबळत्या हवेत पंख वाजवीपेक्षा वाकले आणि विमान तुटून प्रशांत महासागरात पडले. फेसबुकचे ‘अक्विला’ २०१६ मध्ये पहिल्याच उड्डाणात ९६ मिनिटे उडाले, पण उतरताना मोडले. २०१८ मध्ये कंपनीने ते काम सोडले.

मात्र ‘झेफिर’ची गोष्ट वेगळी आहे. पंख २५ मीटर, वजन ७५ किलोंहून कमी. २०२२ मध्ये ते ६४ दिवस उडून कोसळले. २०२५ मध्ये केनियातून निघालेले ‘झेफिर’ ६७ दिवस आकाशात राहिले. म्हणजे ६७ दिवसांतली प्रत्येक रात्र त्याने आदल्या दिवसाच्या उन्हावर काढली.

भूकंपात किंवा चक्रीवादळात जमिनीवरचे मनोरे कोसळतात. तेव्हा असे विमान वरून हाक पोचवू शकेल. त्यासाठी त्याला आधी रात्र तरून जावी लागेल, तीही एक नव्हे, रोजची.