खाचरात पडलेलं खत आधी कोण खातं?

भातशेतीतल्या सेंद्रिय खताचा विषय निघाला की दोन ठाम मतं हमखास ऐकू येतात. रासायनिक खतांनी जमिनीतले जीवाणू मारले, आता शेणखतानेच ती पुन्हा जिवंत होईल, असं एक. शेणखतात जेमतेम अर्धा टक्का नत्र असतं, दहा टन वाहण्यापेक्षा युरियाची दोन पोती बरी, असं दुसरं. दोन्ही मतं पाण्याला विसरतात. भात पाण्यात उभा राहतो आणि पाण्याखालच्या मातीचे नियम निराळे असतात. तिथे खत पिकाच्या आधी सूक्ष्मजीवांच्या तोंडी पडतं. त्यातल्या कोणत्या सूक्ष्मजीवांचं फावेल, हे खत सेंद्रिय आहे एवढ्यावर ठरत नाही. ते कुजलेलं आहे की कच्चं आणि लावणीच्या किती आधी पडलं, याला जास्त महत्त्व आहे.

चिखलणी होऊन पाणी साचलं की मातीतला ऑक्सिजन एक-दोन दिवसांत संपतो. वर केसभर थर आणि मुळांभोवतीची जागा तेवढी हवेशीर राहते. बाकीच्या चिखलातले जीवाणू अन्न पचवायला ऑक्सिजनऐवजी आधी नायट्रेट वापरतात, मग मँगनीज, मग लोह, मग सल्फेट. हे सगळं सरत आलं की मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांची पाळी येते. कोकणच्या जांभ्या मातीत या क्रमातली लोहाची पायरी फार मोलाची आहे. ही माती स्फुरद लोहाशी जखडून ठेवते आणि पिकाला सहजी देत नाही. लोह वापरणारे जीवाणू कामाला लागले की लोह विरघळतं, त्याला चिकटलेला स्फुरद मोकळा होतो, मातीची आम्लताही उतरते. लोह शिल्लक आहे तोवर मिथेनवाल्यांना फारसा वावही मिळत नाही. पण या जीवाणूंना खायला कर्ब लागतो आणि तो शेणखत, पाला, मुळं यांतून येतो. म्हणून शेणखताची किंमत त्यातल्या नत्राच्या किलोंवरून काढणं मला मुळातच चुकीचं वाटतं. मातीत आधीपासून असलेलं, पण अडकून पडलेलं अन्न ते सोडवून देतं, याचा हिशेब पोत्यांत होत नाही. अर्थात अतिरेक इथेही नडतो. निचरा नसलेल्या खाचरात कच्चा पाला भरमसाट गाडला, तर लोह गरजेपेक्षा जास्त विरघळतं, पानांवर तपकिरी ठिपके येतात आणि रोप खुरटतं.

नत्राच्या बाबतीतही खताची अवस्था निर्णायक ठरते. भाताच्या पेंढ्यात नत्राच्या साठ-सत्तर पट कर्ब असतो, तर जीवाणूंच्या शरीरात आठ-दहा पट. पेंढा लावणीच्या तोंडावर गाडला की तो पचवायला कमी पडणारं नत्र जीवाणू मातीतून उचलतात आणि रोपं पिवळी पडतात. गिरिपुष्पाच्या पाल्यात नत्र भरपूर असल्याने उलट घडतं. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भात लागवडीत हा पाला हेक्टरी सुमारे तीन टन घालतात आणि जोडीला युरिया-डीएपीच्या गोळ्या चिखलात खोल खोचतात. युरियातून तयार झालेल्या अमोनियाचं नायट्रेट करणारे जीवाणू वरच्या हवेशीर थरात असतात. खोल गेलेलं नत्र त्यांच्या तावडीतून बरंचसं वाचतं. सेंद्रिय आणि रासायनिक यांची अशी सांगड सूक्ष्मजीवांच्या दृष्टीने अगदी शहाणपणाची आहे.

मग रासायनिक खतांनी जीवाणू मेले, हे खरं की खोटं? जगभरातल्या ६४ दीर्घकालीन प्रयोगांचा आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रासायनिक खत मिळालेल्या जमिनीतलं सूक्ष्मजीवांचं वस्तुमान बिनखताच्या जमिनीपेक्षा सरासरी १५ टक्के जास्त निघालं. पीक वाढतं तशी मुळं आणि धसकटंही वाढतात, म्हणून असं होतं. सामू पाचच्या खाली घसरलेल्या जमिनींत मात्र सूक्ष्मजीव घटतात, आणि आम्लधर्मी कोकणाने हे लक्षात ठेवायला हवं. कटकच्या राष्ट्रीय भात संशोधन संस्थेत १९६९पासून चाललेल्या प्रयोगात शेणखत आणि रासायनिक खत एकत्र मिळालेल्या वाफ्यांत सूक्ष्मजीव सर्वांत जोमदार आढळले.

सर्वांत गंभीर आक्षेप मिथेनचा आहे आणि तो टाळता येणार नाही. माणसाच्या कामांतून सुटणाऱ्या मिथेनपैकी सुमारे आठ ते दहा टक्के भातखाचरांतून येतो. त्यातला बहुतेक भाताच्या पोकळ दांड्यांतूनच वर निघतो आणि कच्चं सेंद्रिय खत त्यात भर घालतं. पण हवामान बदलावरील आंतरसरकारी मंडळाच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २०१९च्या सुधारित हिशेबपद्धतीतले गुणक पाहा. लावणीआधी महिन्याच्या आत गाडलेल्या पेंढ्याला १ धरलं, तर तोच पेंढा महिन्याहून आधी गाडल्यास गुणक ०.१९ होतो. हिरवळीच्या खताचा ०.४५, तर कंपोस्टचा ०.१७. खड्ड्यात किंवा कोरड्या शेतात हवेच्या संगतीने कुजताना सहज पचणारा कर्ब आधीच संपतो, मिथेनवाल्यांसाठी फारसं उरत नाही. म्हणजे हा आक्षेप कच्च्या खताला आणि चुकीच्या वेळेला लागू पडतो, सरसकट सेंद्रिय खताला नाही. गिरिपुष्पाचा पालाही यातून सुटत नाही. म्हणून तो बेतानेच घालावा, आणि जिथे बांधाला तोंड पाडून मधे एकदा पाणी काढता येतं तिथे ते काढावं, कारण निचऱ्याने मिथेन बराच घटतो.

इतकं खत आणायचं कुठून, हा प्रश्न रास्त आहे. गोठे ओस पडत आहेत. पण जिथे गुरं नाहीत तिथे पेंढाही खाणारं कोणी नाही. कापणीनंतर जमिनीत ओल असते तेव्हाच तो गाडता येतो. रोपवाटिकेच्या जागी राब भाजताना पाला आणि शेण जाळून टाकतो, त्यातला बराचसा भाग खड्ड्यात कुजवता येतो. मृदा आरोग्य पत्रिकेत आज सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि नऊ अन्नद्रव्यं दिसतात, तीही वाळवलेल्या मातीच्या नमुन्यावरून. पाण्याखाली त्या मातीचं काय होतं, हे त्यातून कळत नाही. भात उत्पादकाला दिल्या जाणाऱ्या शिफारशीत हेक्टरी टनांबरोबर खत किती कुजलेलं हवं आणि लावणीच्या किती आठवडे आधी घालायचं, हे दोन रकाने तरी असायलाच हवेत.