खासगी गोल्फ मैदानावरील पहिली फेरी

धरमतरच्या पुलावरून अलिबागकडे जाताना आंबा नदीची खाडी, खाजण आणि खारेपाटाचे बांध दिसतात. धड समुद्रही नाही आणि धड शेतही नाही, अशाच किनारी पट्ट्यावर स्कॉटलंडमध्ये गोल्फ वाढला. तिथली जमीन चिखलाची नव्हे, वाळूची. नांगराला निरुपयोगी, पण मेंढ्यांनी खुडलेल्या आखूड गवतामुळे चेंडूला सोयीची. सेंट अँड्र्यूजचे जुने मैदान आजही सार्वजनिक आहे. भारतात मात्र हा खेळ ब्रिटिशांबरोबर आला आणि क्लबांच्या भिंतीआड रुजला. १८२९ साली स्थापन झालेला कोलकात्याचा क्लब हा ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना मानला जातो.

या भिंतींचा इतिहास फारसा भूषणावह नाही. मुंबईत १९१८ साली गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकाराने विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब निघाला तो भारतीय आणि युरोपियन दोघांनाही प्रवेश असावा म्हणून; तोवर अनेक क्लबांची दारे भारतीयांना बंदच होती. दक्षिण आफ्रिकेत भारतीय वंशाचे पापवा सेवगोलम यांनी १९६३ साली नाताळ ओपन जिंकली, तेव्हा त्यांना करंडक क्लबहाऊसबाहेर, पावसात उभे राहून घ्यावा लागला. आज दार वर्णावरून बंद होत नाही. तरीही खासगी मैदानावर प्रथमच निमंत्रित झालेल्या माणसाच्या मनात धाकधूक असतेच, आणि ती बहुधा चुकीच्या गोष्टीची असते. आपला चेंडू किती लांब जाईल, याची त्याला काळजी. यजमानाला मात्र पाहुण्यामुळे मागचे खेळाडू खोळंबणार नाहीत ना, याची. पाहुण्याच्या वर्तनाला क्लबच्या नियमांनुसार तो सभासदच जबाबदार असतो.

म्हणून निमंत्रण येताच काही गोष्टी यजमानाला स्पष्ट विचाराव्यात. कॉलर असलेला शर्ट बहुतेक ठिकाणी सक्तीचा असतो आणि जीन्स चालत नाही. अनेक क्लब हँडिकॅपचे प्रमाणपत्र मागतात. पाहुण्याचे शुल्क आणि कॅडीचा मोबदला कोणी द्यायचा, हेही आधीच ठरलेले बरे. संकोचापायी हा प्रश्न राहून जातो आणि फेरी संपल्यावर दोघेही अवघडतात.

मैदानावर खरी कसोटी वेगाची. अठरा होलच्या फेरीला चार तासांहून अधिक वेळ सहज लागतो आणि एक चमू रेंगाळला की मागची सगळी साखळी अडते. २०१९ पासूनच्या नियमांनुसार हरवलेला चेंडू शोधण्यासाठी तीनच मिनिटे मिळतात. पूर्वी पाच मिळत. चेंडू झाडीत गेल्याची शंका आली, तर जागा सोडण्यापूर्वीच तसे सांगून दुसरा तात्पुरता चेंडू मारून ठेवावा. मैत्रीच्या फेरीत फटक्यांची संख्या पारच्या दुप्पट झाली की नवख्याने चेंडू खिशात घालून पुढे चालू लागावे. यात कमीपणा नाही. उलट सोबती मनोमन आभार मानतात. चेंडू कोणाच्या दिशेने गेला, तर मात्र संकोच न करता ‘फोर’ असे मोठ्याने ओरडावे.

दुसरी गोष्ट जमिनीची. स्टिकने उखडलेला गवताचा तुकडा जागेवर बसवायचा की खळग्यात वाळू भरायची, हे मैदानागणिक बदलते, कॅडीला विचारावे. बंकरमध्ये सखल बाजूने उतरावे आणि बाहेर पडताना पावलांचे ठसे दाताळ्याने पुसावेत. ग्रीनवर चेंडू आदळून पडलेला खड्डा लगेच नीट केला तर गवत लवकर सावरते. राहिला तर डाग बराच काळ दिसतो आणि मागून येणाऱ्याचा चेंडू त्यावर अडखळतो. खारेपाटातील शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. बांधाला एका ठिकाणी खांड गेली तरी खारे पाणी सगळ्यांच्याच शेतात शिरते, हे तो पिढ्यान्‌पिढ्या जाणतो.

या खेळात प्रत्येक फटका पाहणारा पंच नसतो. झाडामागे चेंडू किंचित हलला, हे बहुधा खेळणाऱ्यालाच ठाऊक असते आणि दंडाचा फटका त्यानेच सांगायचा असतो. हँडिकॅपची सारी इमारत या प्रामाणिकपणावर उभी आहे. बहात्तर पारच्या मैदानावर वीस हँडिकॅपचा खेळाडू ब्याण्णव फटक्यांत परतला, तर त्याचा निव्वळ गुणांक बहात्तरच. त्यामुळे मुरलेला आणि नवखा एकाच फेरीत बरोबरीने खेळू शकतात. २०२० पासूनच्या जागतिक पद्धतीत ही सूट कमाल ५४ पर्यंत मिळते.

आणि कॅडी. उतार, वारा आणि गवताचा कल यांचे त्याचे ज्ञान कित्येक सभासदांहून अधिक असते. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर हे दिल्लीच्या मैदानावर कॅडीचेच काम करत होते. तेव्हा त्याला नावाने हाक मारावी आणि त्याने सुचवलेली स्टिक नाकारण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

पहिली फेरीच खासगी मैदानावर खेळावी, असे मात्र नाही. रायगड जिल्ह्यातच खारघरच्या डोंगरकुशीत सिडकोने उभारलेले मैदान सभासद नसलेल्यांनाही शुल्क भरून खेळता यावे, याच हेतूने आखले गेले. पेण-वडखळच्या हौशी माणसाने यजमानाचे निमंत्रण स्वीकारण्यापूर्वी तिथे चार-सहा फेऱ्या खेळून घ्याव्यात.