अंगावर येणारं हेलिकॉप्टर

मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवटे घालून सोंगं नाचवण्याच्या उत्सवात, रावणाचं सोंग गल्लीच्या पलीकडच्या टोकाला दिसलं, तेव्हा मी आईचा पदर धरून उभा होतो. टेंभ्यांच्या उजेडात मुखवटा सुपारीएवढा दिसत होता. संबळाच्या ठेक्यावर सोंग चार पावलं पुढे, दोन पावलं मागे असं नाचत येत होतं. बराच वेळ मुखवटा होता तेवढाच वाटला. मग बघता बघता तो ताटाएवढा झाला, सुपाएवढा झाला आणि पुढच्या क्षणी गल्लीत त्याच्याशिवाय काही उरलंच नाही. मला कुणी ढकललं नव्हतं, तरी मी दोन पावलं मागे सरकलो होतो.

त्यानंतर काही वर्षांनी मुंबईतल्या एका व्हिडीओ गेम पार्लरमध्ये माझी मान तशीच झटक्यानं मागे गेली. समोर काचेच्या पडद्यावर उंच इमारतींच्या दाटीतून एक हेलिकॉप्टर चाललं होतं आणि इमारती अंगावर येत होत्या. गेमचं नाव ‘थंडर ब्लेड’. जपानच्या सेगा कंपनीनं तो १९८७ मध्ये काढला. त्याच्या मोठ्या यंत्रात बसायला आसन असायचं आणि दांडा हलवला की आसनही हलायचं. पार्लरमधलं यंत्र साधं होतं, उभं राहून खेळायचं. तरीही भीती खरी होती.

पुढे मामेभावाकडे आखातातून आलेला सेगाचा घरी खेळायचा संच ‘मेगा ड्राइव्ह’ आणि त्यावरचा ‘सुपर थंडर ब्लेड’ पाहिला. हेलिकॉप्टर तसंच, इमारती तशाच, रंगही झकास. पण भीती मात्र गेली होती. शिवाय पार्लरमध्ये जिथे मी निभावून जायचो, तिथे घरी आपटत होतो. असं का होतं, ते मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. कळलं तेव्हा उत्तराची एक बाजू यंत्रात निघाली आणि दुसरी आपल्या डोळ्यात.

आधी डोळ्याचं बघू. शंभर मीटरवरून एखादी वस्तू सेकंदाला वीस मीटर वेगानं सरळ आपल्याकडे येते आहे असं धरा. अंतर निम्मं झालं की वस्तू दुप्पट मोठी दिसते. शंभरावरून पन्नासावर यायला तिला अडीच सेकंद लागतात, म्हणजे पहिल्यांदा दुप्पट व्हायला अडीच सेकंद. पन्नासावरून पंचवीसवर यायला सव्वा सेकंद. त्यापुढचं दुप्पट होणं जेमतेम सहा दशांश सेकंदात उरकतं. वेग बदललेला नाही, तरी आकार आधी रेंगाळतो आणि शेवटी उसळतो. रावणाचा मुखवटा ‘होता तेवढाच’ वाटून एकदम गल्लीभर झाला, त्याचं कारण हेच.

१९७६ मध्ये डेव्हिड ली या संशोधकानं यातली एक सुंदर गोष्ट मांडली. समोरून येणारी वस्तू किती लांब आहे आणि किती वेगात आहे, हे डोळ्याला ठाऊक असण्याची गरजच नाही. तिचा दिसणारा आकार आणि तो आकार वाढण्याचा दर, यांचा भागाकार केला की टक्कर व्हायला किती वेळ उरला ते थेट मिळतं. आकार दहा आहे आणि सेकंदाला दहानं वाढतो आहे, तर हाताशी सुमारे एक सेकंद आहे. गाडीचा ब्रेक कधी दाबायचा, हे चालकाला कसं उमगत असावं याचा ली विचार करत होते.

जव्हार ते त्र्यंबक एसटीत पुढच्या सीटवर बसून तोरंगण घाट उतरला-चढला असाल, तर हा भागाकार तुम्ही शेकडो वेळा केला आहे. वळणावरचं झाड काचेत फुगत येतं आणि ड्रायव्हरनं स्टिअरिंग वळवायच्या क्षणभर आधी आपलाच पाय ब्रेक शोधतो.

ही जाण आपल्याला कुणी शिकवत नाही. विल्यम बॉल आणि एडवर्ड ट्रोनिक यांनी १९७१ मध्ये अगदी लहान, काही आठवड्यांच्या बाळांसमोर पडद्यावर एक सावली मोठी करत नेली. सावली सरळ तोंडावर येत असल्यासारखी वाढली की बाळं डोकं मागे घेत, हात वर करत. बाजूनं निघून जाणाऱ्या सावलीला ती तशी दचकत नसत. समोर खरी वस्तू नव्हती, फक्त वाढणारा आकार होता, आणि तेवढा पुरला.

बाळांचं सोडा. भादव्यात जव्हारच्या भातखाचरात नाकतोडा धरायला हात पुढे केला की तो नेमका शेवटच्या क्षणी उडतो. नाकतोड्याच्याच भाईबंदांत मोडणाऱ्या टोळाच्या मेंदूत एक मोठी चेतापेशी असते. सरळ अंगावर येणाऱ्या वस्तूला ती जोरानं प्रतिसाद देते, लांब जाणाऱ्या वस्तूला फारसा नाही. क्लेअर रिंड आणि पीटर सिमन्स यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला टोळांना ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातली यानांची दृश्यं दाखवून त्या पेशीचे संदेश टिपले. या कामाला २००५ मध्ये इग्नोबेल पारितोषिक मिळालं. लोक हसले असतील, पण मला तो प्रयोग फार मोलाचा वाटतो. पडद्यावरचं चित्र टोळालाही टकरीची सूचना देऊ शकतं, तर मग थंडर ब्लेडपुढे माझी मान मागे गेली यात नवल ते काय?

आता यंत्राकडे वळू. थंडर ब्लेड सेगाच्या ‘एक्स बोर्ड’ नावाच्या सर्किटवर चालायचा. त्यात १२.५ मेगाहर्ट्झचे ‘६८०००’ नावाचे दोन प्रोसेसर होते. पण खरी करामत त्यांची नव्हती. चित्रं लहान-मोठी करायला तिथे वेगळी चिप बसवलेली होती. तिचं काम हिशेबाला सोपं आहे. मूळ चित्र म्हणजे ठिपक्यांच्या ओळी. दर दुसरा ठिपका उचलला की चित्र निम्मं होतं, प्रत्येक ठिपका दोनदा मांडला की दुप्पट. मधला कुठलाही आकार हवा असेल तर एक मोजणी चालू ठेवायची. पडद्यावरच्या प्रत्येक घराला मोजणीत ठराविक अपूर्णांक मिळवायचा आणि येणारा पूर्णांक सांगेल तो ठिपका उचलायचा. गुणाकार नाही, भागाकार नाही, नुसती बेरीज. रांगोळीचे ठिपके कागदावरून अंगणात मोठे करून काढणाऱ्या बाईला ही रीत लगेच समजेल. चिप मात्र ती सेकंदाला कितीतरी वेळा, पडद्यावरच्या अनेक चित्रांसाठी करते. त्यामुळे इमारत वाढताना झटका बसत नाही.

गेमच्या काही भागांत इमारती वरून दिसायच्या. त्यांच्यासाठी याच रीतीचा आणखी एक उपयोग केला होता, तो मला सर्वांत आवडतो. काकडीच्या चकत्या कराव्यात तसे इमारतीचे आडवे काप करून ते एकावर एक ठेवायचे. गच्चीचा काप हेलिकॉप्टरला जवळ, म्हणून मोठा, तळाचा काप लांब, म्हणून लहान. हेलिकॉप्टर सरकलं की गच्ची जास्त सरकते, तळ कमी. सगळे काप सपाट, पण नजरेला खोल दरी दिसते.

मेगा ड्राइव्ह २९ ऑक्टोबर १९८८ रोजी जपानमध्ये विक्रीला आला आणि त्याच दिवशी ‘सुपर थंडर ब्लेड’ही आला. यंत्र घरच्यासाठी, त्यामुळे किंमत आवाक्यात ठेवायची होती. त्यात ६८००० प्रोसेसर एकच मुख्य, तोही साधारण ७.६ मेगाहर्ट्झचा, आणि चित्रं लहान-मोठी करणारी चिप नाहीच. मग ते काम प्रोसेसरनंच करावं की? हिशेब मांडून बघा. पडदा ३२० गुणिले २२४ ठिपक्यांचा, म्हणजे ७१,६८०. सेकंदाला साठ चित्रं, म्हणजे सुमारे ४३ लाख ठिपके. प्रोसेसरचे ठोके सेकंदाला सुमारे ७६ लाख. एका ठिपक्याच्या वाट्याला दोन ठोकेही येत नाहीत आणि या प्रोसेसरला स्मृतीतून एकदा काही वाचायलाच किमान चार ठोके लागतात. ठिपके एकेक करून उचलायचे, तर काम सुरू होण्याआधीच वेळ संपलेला.

म्हणून घरच्या आवृत्तीत एकाच वस्तूची वेगवेगळ्या आकारांची चित्रं आधीच काढून कॅसेटमध्ये ठेवायची आणि वस्तू जवळ येईल तशी ती बदलत न्यायची, ही वाट उरली. पण कॅसेटमधली जागा मोजकी. आठ ठिपक्यांची वस्तू चौसष्ट ठिपक्यांपर्यंत वाढवायची, तर दरवेळी दुप्पट केल्यास चार चित्रांत भागतं. दरवेळी सव्वापट करायची म्हटली तर दहाएक चित्रं लागतात. जितकी चित्रं कमी, तितके झटके मोठे.

आता डोळ्याचा भागाकार आठवा. चित्र एका आकारावर थांबलेलं असतं, तेव्हा वाढीचा दर शून्य असतो. डोळा म्हणतो, हे काही येत नाही, निर्धास्त राहा. मग एकदम उडी येते आणि डोळा म्हणतो, आलंच! मधला ‘आता येतंय, सावध हो’ हा निरोप पोचतच नाही. माझ्या मते मामेभावाच्या घरी मी आपटत होतो ते यामुळे. चित्रं पोचली, रंग पोचले, फक्त वाढीचा दर वाटेत सांडला. सेगाच्या कारागिरांना मी दोष देत नाही. हातात होतं त्यात त्यांनी पडदा इतका हलता ठेवला, याचंच कौतुक वाटतं.

आमच्या जव्हारमध्ये मेगा ड्राइव्ह कुणाकडे पाहिल्याचं मला आठवत नाही. आमच्या वाट्याला आले ते ‘फॅमिकॉम’ या जपानी गेम-संचाच्या नकलेचे स्वस्त संच. कॅसेट फुंकून घालायची, टीव्हीचं बटण फिरवत चॅनेल लावायचं आणि लाइट जाऊ नये म्हणून देवाला हात जोडायचे. फुंकण्यानं काही होत नसे. कॅसेट काढून परत बसवताना तिच्या पट्ट्या घासल्या जात, म्हणून गेम चालू होई. फुंकेतल्या ओलाव्यानं उलट पट्ट्या गंजतात.

या संचांसाठी निघालेला एक हेलिकॉप्टरवाला गेम म्हणजे ‘टायगर हेली’. तोआप्लान कंपनीनं १९८५ मध्ये तो पार्लरसाठी बनवला आणि पुढच्या वर्षी तो फॅमिकॉमवर आला. यात सगळं वरून दिसतं आणि जमीन नुसती खाली सरकते, म्हणून आकार वाढवण्याची भानगड नाही. पण इथे वेगळंच काही हरवलं. पार्लरमधला पडदा उभा होता, घरचा टीव्ही आडवा. पुढची वाट कमी दिसते, रणगाडा उशिरा नजरेस पडतो आणि तयारीचा वेळ कापला जातो. त्यातच फॅमिकॉमला एका आडव्या ओळीत आठच हलती चित्रं दाखवता येतात. नववं आलं की ते गायब होतं. म्हणून प्रोग्रामर त्यांना आलटून पालटून दाखवत आणि गोळ्या लुकलुकत. आम्हाला वाटायचं, टीव्ही बिघडला.

एका बाबतीत मात्र आम्हाला सवलत मिळाली होती. तेव्हाचा जपानी टीव्ही सेकंदाला साठ वेळा पडदा रंगवायचा, आपल्याकडच्या ‘पाल’ पद्धतीचा टीव्ही पन्नास वेळा. गेमचं घड्याळ बहुधा पडदा रंगवण्यालाच बांधलेलं असायचं. त्यामुळे पालसाठी बदललेल्या संचांवर तोच गेम एक षष्ठांशानं हळू चाले, गाणंही संथ होई. टोकियोतल्या मुलाला गोळी चुकवायला एक सेकंद मिळे, तिथे आम्हाला एक पूर्णांक दोन दशांश.

२०१४ मध्ये सेगा आणि एमटू या कंपन्यांनी मूळ थंडर ब्लेड निन्टेन्डो थ्रीडीएस या हातातल्या यंत्रावर आणला. चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांना वेगळी चित्रं दाखवणारा त्याचा पडदा. इमारतींच्या सपाट चकत्या त्यावर खरोखर वेगवेगळ्या खोलीवर दिसतात. एका मित्राकडे तो खेळायला मिळाला. पहिल्या इमारतीपाशी मान मागे गेली.

गेल्या खेपेला बोहाड्याला पुतणीला घेऊन गेलो होतो. सोंग गल्लीच्या टोकाला आलं तेव्हा मी मुद्दाम तिच्याकडे बघत राहिलो. मुखवटा सुपारीएवढा होता तोवर ती शेंगा खात होती. ताटाएवढा झाला तेव्हा हात थांबला. संबळ अगदी कानाशी आला आणि तिनं माझा सदरा घट्ट धरला.