अगत्ती ते पोर्ट ब्लेअर: विमानाने अंतर किती, वेळ किती?

लक्षद्वीप आणि अंदमान एकाच सुट्टीत पाहून होतील का? हातकणंगल्यात बसून मोबाईलवर शोधलं, तर उत्तर सोपं वाटतं. अगत्ती ते पोर्ट ब्लेअर हवाई अंतर सुमारे २,२४० किलोमीटर, उड्डाणाचा वेळ साधारण सव्वातीन तास. पण या आकड्यावर विसंबून तिकिटं काढली, तर पंचाईत होऊ शकते.

हा आकडा येतो कुठून?

पृथ्वी गोल आहे. तिच्या पृष्ठभागावरून दोन ठिकाणांना जोडणारी सर्वांत जवळची रेषा, म्हणजे हवाई अंतर. ते अक्षांश-रेखांशांवरून काढतात. मोठं जेट ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास वेगाने उडतं, म्हणून २,२४० किलोमीटरला पावणेतीन तास. उड्डाण आणि उतरण्याचा अर्धा तास धरला, की झाले सव्वातीन. या दोन बेटांमध्ये थेट विमान आहे की नाही, हे मात्र गणित पाहतच नाही.

मग जायचं कसं?

थेट प्रवासी विमान नाही. अगत्तीची धावपट्टी जेमतेम १,२०० मीटरची. तिथे मोठं जेट उतरत नाही, पंख्याचं छोटं विमान उतरतं. त्यामुळे मार्ग असा पडतो:

- अगत्ती ते कोची: ४६५ किलोमीटर, सुमारे दीड तास
- कोची ते चेन्नई: ५२० किलोमीटर, सुमारे सव्वा तास
- चेन्नई ते पोर्ट ब्लेअर: १,३७० किलोमीटर, सुमारे सव्वादोन तास

बेरीज २,३५५ किलोमीटर. म्हणजे अंतर फक्त शंभर-सव्वाशे किलोमीटरने वाढलं, पण हवेतला वेळ पाच तासांवर गेला. मधल्या दोन विमानतळांवरची थांबण्याची वेळ वेगळीच. अख्खा दिवस सहज जातो, जोडविमान जुळलं नाही तर मुक्कामही करावा लागतो.

घड्याळ बदलावं लागतं का?

नाही, दोन्हीकडे भारतीय प्रमाणवेळच. पण रेखांशात २० अंशांहून जास्त फरक असल्याने पोर्ट ब्लेअरला सूर्य अगत्तीपेक्षा सुमारे ८० मिनिटं आधी उगवतो आणि मावळतोही लवकर. पोहोचल्यावर फिरण्याचा बेत आखताना हे लक्षात ठेवावं.

हातकणंगल्याहून कोणतं बेट जवळ?

सरळ रेषेत अगत्ती सुमारे ७०० किलोमीटर, म्हणजे दिल्लीच्या जवळपास निम्म्या अंतरावर. पोर्ट ब्लेअर सुमारे २,०५० किलोमीटर. तरीही उजळाईवाडीहून निघालं, तरी दोन्हीकडे जाताना विमान बदलावंच लागतं. शिवाय लक्षद्वीपला भारतीय पर्यटकांनाही प्रवेश परवाना लागतो.

तिकीट काढताना काय पाहावं?

हवाई अंतराऐवजी 'एकूण प्रवास वेळ' पाहावा. तिन्ही टप्पे एकाच तिकिटावर मिळतात का, हे आधी तपासावं. वेगवेगळी तिकिटं असतील आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर पुढच्या तिकिटाचे पैसे बुडू शकतात. सोबत वयस्कर आईवडील असतील, तर मध्ये एक मुक्काम धरलेला बरा. दोन बेटांमधलं खरं अंतर किलोमीटरपेक्षा मधल्या थांब्यांवर ठरतं.

(पोर्ट ब्लेअरचं अधिकृत नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम असं आहे.)