परसबागेचे कुंपण

परसबागेचे कुंपण म्हणजे घरालगतच्या लागवडीचे गुरे, शेळ्या इत्यादींपासून रक्षण करण्यासाठी तिच्याभोवती उभारलेला अडथळा होय. कोकणात दगडांचा रचीव गडगा व काटेरी फांद्यांची वई हे त्याचे जुने प्रकार आहेत. कमी खर्चात, घरच्या घरी उभारता येण्याजोगे कुंपण बांबूचे असते. मात्र प्रक्रिया न केलेला बांबू मातीत साधारणतः दोन-तीन वर्षांत कुजतो. त्यामुळे तेवढ्या अवधीत त्याच्या आधाराने सजीव कुंपण वाढवणे हितावह ठरते.

आखणी व खांब

प्रथम कोपऱ्यांवर खुंट्या ठोकून दोरी ताणतात व फाटकाची जागा निश्चित करतात. कोपऱ्यांचे व फाटकाचे खांब आधी रोवून मग मधले खांब दीड ते दोन मीटर अंतराने दोरीच्या रेषेत उभे करतात. कुंपणाचे बळ जमिनीखालच्या भागात असते. दोन मीटर लांबीच्या खांबाचा सुमारे ६० सेंमी भाग पुरावा लागतो. पुरावयाच्या भागाला डांबर लावतात. खड्ड्यात दगडगोटे व मुरूम थराथराने टाकून प्रत्येक थर पहारीच्या बोथट टोकाने ठोकतात आणि बुंध्याशी मातीचा उंचवटा करतात, म्हणजे पाणी साचत नाही. खांबाचे वरचे टोक गाठीच्या लगेच वर कापतात; अन्यथा पोकळीत पावसाचे पाणी साचून बांबू लवकर कुजतो. कोपऱ्याच्या खांबांना कुंपणाच्या ओळीत तिरके टेकू देतात.

बांधणी

खांबांना दोन-तीन आडव्या पट्ट्या बांधून त्यांवर उभ्या कामट्या काथ्याने अथवा जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेने आवळतात. शेळीचे तोंड आत जाणार नाही इतपतच फट ठेवतात. एक मोकळी जागा राहिली, तरी एका रात्रीत महिन्यांची मेहनत वाया जाऊ शकते.

सजीव कुंपण

पावसाळ्याच्या आरंभी बांबूच्या आतील बाजूस गिरिपुष्प, मोगली एरंड, शेर किंवा मेंदी यांची छाटकलमे सुमारे ३० सेंमी अंतराने लावतात. गिरिपुष्पाचा पाला हिरवळीचे खत म्हणून उपयोगी पडतो. शेराचा चीक डोळ्यांना अपायकारक व मोगली एरंडाच्या बिया विषारी असल्याने लहान मुले वावरतात तेथे ही झाडे टाळणे इष्ट. छाटणी न केल्यास सावली व मुळे वाफ्यांवर पसरतात आणि ‘कुंपणानेच शेत खाणे’ ही म्हण शब्दशः खरी ठरते.

दक्षता

कुंपण स्वतःच्या हद्दीतच घालावे लागते. हद्दीविषयी शंका असल्यास भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेता येते. कुंपणाच्या तारेत घरगुती वीजप्रवाह सोडणे बेकायदेशीर असून माणसे व गुरे या दोहोंनाही प्राणघातक ठरते. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी खांब हलवून पाहणे, सैल गाठी पुन्हा आवळणे व कुजलेले खांब बदलणे एवढी देखभाल पुरेशी असते.