तीनशे ग्रॅमचं यकृत

जुलै २०१४मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयानं एक छोटीशी अधिसूचना काढली आणि ‘फ्वा ग्रा’ या पदार्थाची भारतातली आयात बंद झाली. अशी बंदी घालणारा भारत हा जगातला पहिला देश. काही पंचतारांकित हॉटेलांच्या मेनूकार्डावरची एक ओळ गेली, बाकी देशाला पत्ताही लागला नाही. जो पदार्थ आपल्याकडे कुणी खातच नाही, त्यावर बंदी घालायला फारसं धाडस लागत नाही, हे आधीच मान्य करून टाकू. फ्रान्समध्ये परिस्थिती नेमकी उलट. तिथे २००६ साली कायद्यातच लिहून ठेवलं गेलं की, फ्वा ग्रा हा देशाच्या संरक्षित सांस्कृतिक आणि पाकवारशाचा भाग आहे. नाताळच्या जेवणात तो नसेल तर तिथल्या कित्येक घरांत सण साजरा झाल्यासारखं वाटत नाही.

फ्वा ग्रा म्हणजे बदकाचं किंवा पाळीव हंसाचं मुद्दाम फुगवलेलं यकृत. फुगवायचं तंत्र फार जुनं आहे. इजिप्तमधल्या सक्कारा इथल्या चार हजारांहून अधिक वर्षं जुन्या थडग्यांच्या भिंतींवर हंसांची मान धरून त्यांच्या चोचीत दाण्यांचे गोळे कोंबणारी माणसं कोरलेली आहेत. आजची पद्धत तीच, फक्त हाताच्या जागी यंत्र आलं. बदक साधारण बारा आठवड्यांचं झालं की शेवटचे बारा ते पंधरा दिवस त्याला दिवसातून दोनदा सक्तीनं भरवतात. भरवणारा माणूस आधी मानेच्या तळाशी बोटांनी चाचपून मागचा घास खाली उतरला की नाही ते बघतो, मग चोच उघडून वीस-तीस सेंटिमीटर लांबीची नळी अन्ननलिकेत सरकवतो. पूर्वीच्या मळसूत्री यंत्रानं एका पक्ष्याला पाऊण ते एक मिनिट लागायचं. हवेच्या दाबावर चालणारं नवं यंत्र पाण्यात कालवलेला मका दोन-तीन सेकंदांत आत ढकलतं. नळी बाहेर, पुढचं बदक.

आता हे यकृत फुगतं कसं, ते पाहू. आपल्या शरीरात चरबी यकृतात आणि चरबीच्या पेशींतही तयार होऊ शकते. पक्ष्यांत मात्र हे काम जवळजवळ सगळं यकृतच करतं. तयार झालेली चरबी प्रथिनांच्या वेष्टणात बांधून रक्तावाटे बाहेर पाठवली जाते. मका म्हणजे मुख्यतः स्टार्च. तो भरमसाट आला की यकृत चरबीचा ढीग उभा करतं. पण ती बांधून पाठवायला कोलीन आणि मेथिओनिनसारखे जे घटक लागतात, ते मक्यात कमी असतात. माल तयार होत राहतो आणि गोदामातच साचतो. साठ-ऐंशी ग्रॅमचं यकृत दोन आठवड्यांत पाचशे ग्रॅमच्या पुढे जातं आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग निव्वळ चरबीचा असतो. माणसाच्या यकृतात चरबी पाच टक्क्यांपेक्षा जास्त झाली की डॉक्टर ‘फॅटी लिव्हर’ म्हणतात आणि चालायला जा म्हणून सांगतात.

उत्पादकांचं उत्तर असं की, हा रोग नव्हे, निसर्गानंच दिलेली क्षमता आहे. स्थलांतर करणारे पक्षी प्रवासाआधी असेच अधाशासारखे खातात. यात तथ्य आहे. जायकवाडीच्या पाणथळीवर हिवाळा काढणारे पट्टकादंब परतीच्या वाटेवर हिमालय ओलांडतात, ते अंगात चरबीची शिदोरी बांधूनच. पण फ्रान्समधला फ्वा ग्रा आज बहुतांश हंसाचा नसतो, म्युलार नावाच्या संकरित बदकाचा असतो. मस्कव्ही जातीचा नर आणि पेकिन जातीची मादी यांच्यापासून झालेलं हे बदक खेचरासारखंच वांझ. त्यातला मस्कव्ही बाप मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, आणि तो स्थलांतर करतच नाही. पेकिन आई जंगली मॅलार्डच्या वंशातली खरी, पण हजारो वर्षं माणसाच्या अंगणात वाढलेली. शिवाय तिच्या जातीत चरबी यकृतापेक्षा कातडीखालीच जास्त साठते. तेव्हा या बदकाचं यकृत फुगतं ते पैदाशीच्या कौशल्यामुळे. प्रवासाची तयारी वगैरे त्यात काही नाही. नरांचं यकृत मोठं आणि नितळ निघतं, म्हणून मादी पिल्लं अंड्यातून बाहेर पडताच बहुधा मारून टाकली जातात. वादाच्या चर्चेत ही गोष्ट क्वचितच येते, पण आकड्यांत पाहिलं तर ती लहान नाही.

नळीबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण चित्रफितींमध्ये तीच सगळ्यात अंगावर येते. आपल्या घशात नळी घातली तर आपला जीव गुदमरेल, तसं बदकाचं होत नाही. त्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशी वेगळं उघडतं आणि अन्ननलिका भरपूर ताणली जाते. पाणकावळा अख्खा मासा गिळतो, तो अशाच रचनेच्या जोरावर. म्हणून ‘मला असं भरवलं तर?’ हा प्रश्न माणसाला सुचणं साहजिक असलं, तरी तो पुरावा म्हणून टिकत नाही. बदकाला काय होतं, ते बदकालाच विचारायला हवं. ते विचारायचं कसं, इथे खरी अडचण सुरू होते.

एक मार्ग रक्ताचा. ताण आला की पक्ष्यांच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं. फ्रान्सच्या राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी म्युलार बदकांचं रक्त भरवण्याआधी आणि नंतर तपासलं, तेव्हा त्यांना लक्षणीय वाढ दिसली नाही. उत्पादक हा निष्कर्ष वारंवार पुढे करतात. पण हे संप्रेरक मोठं फसवं आहे. ते मीलनाच्या वेळीही वाढतं, आणि ताण रोजचाच झाला तर हळूहळू पूर्वपदावरही येतं. त्याची पातळी शांत आहे म्हणून पक्षीही शांत आहे, असं म्हणता येत नाही.

दुसरा मार्ग वागणुकीचा. याच फ्रेंच संशोधकांनी बदकं माणसापासून किती अंतर राखतात ते मोजलं. बदकं अनोळखी माणसापासून जास्त लांब पळाली, भरवणाऱ्यापासून कमी. म्हणजे त्याची भीती वाटत नाही? याच्या आधी, डिसेंबर १९९८मध्ये, युरोपीय आयोगाच्या पशुकल्याणविषयक वैज्ञानिक समितीनं आपला अहवाल दिला होता. समितीच्या सदस्यांनी स्वतः शेडमध्ये उभं राहून पाहिलं, तर पक्षी भरवणाऱ्यापासून दूर सरकत होते. खाऊ घालणाऱ्या माणसाकडे जनावर एरवी धावत येतं, इथे उलटं दिसत होतं. तरीही घृणेचा निर्णायक वैज्ञानिक पुरावा नाही, असंही समितीनंच प्रामाणिकपणे नोंदवलं. पिंजऱ्यातलं बदक तर सरकून सरकून जाणार कुठे, हा प्रश्न आहेच. मला विचाराल तर या प्रयोगांवर दोन्ही बाजूंनी जेवढा भार टाकला जातो, तेवढा ते पेलू शकत नाहीत.

मृत्यूचा आकडा मात्र वेगळा आहे, त्याला मनःस्थितीचा अर्थ लावावा लागत नाही. त्याच अहवालानुसार सक्तीनं भरवल्या जाणाऱ्या पक्ष्यांपैकी त्या दोन आठवड्यांत दोन ते चार टक्के मरतात. तेवढ्याच वयाच्या, स्वतःहून खाणाऱ्या नर बदकांत हे प्रमाण साधारण ०.२ टक्के. हजारांच्या शेडमध्ये एकीकडे दोन मृत्यू, दुसरीकडे वीस ते चाळीस. जगलेल्यांची धाप हा दुसरा ठोस पुरावा. पक्ष्यांच्या शरीरात श्वासपटल नसतं. त्यांचा श्वास पोटापर्यंत पसरलेल्या वायुकोशांवर चालतो आणि सुजलेलं यकृत नेमकं त्यांच्यावरच दाबतं. भरवणं थांबवलं तर काही आठवड्यांत यकृत पुन्हा मूळ आकाराला येतं, हा उत्पादकांचा मुद्दा प्रयोगानं सिद्ध झालेला आहे. पण सूज उतरते म्हणून सूज आलीच नव्हती, असं होत नाही. शिवाय प्रत्यक्षात त्या बदकाला ते काही आठवडे कधी मिळतच नाहीत. सध्याची सक्तीची पद्धत पक्ष्यांच्या हिताला बाधक आहे, हा समितीचा निष्कर्ष मला पटतो, तो या आकड्यांमुळे.

बंद्यांचा इतिहास मात्र विज्ञानाच्या रेषेत चालत नाही. शिकागो शहरानं २००६मध्ये बंदी घातली आणि २००८मध्ये मागे घेतली. कॅलिफोर्नियाचा कायदा २००४मध्ये झाला, २०१२पासून लागू झाला, २०१५मध्ये न्यायालयानं अडवला आणि २०१७मध्ये अपिलात पुन्हा जिवंत झाला. ब्रिटनमध्ये उत्पादन होत नाही, आयात चालते. मनापासून दाद द्यावी असा निर्णय इस्राएलचा. तो देश तेव्हा जगातल्या मोठ्या उत्पादकांत गणला जायचा आणि तरीही तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २००३मध्ये बहुमतानं सक्तीचं भरवणं बेकायदा ठरवलं. आपल्या बंदीला असली किंमत मोजावी लागली नाही. आपल्याकडचं ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जातं, त्याचे पाय ते वजन सांभाळताना कसे वाकतात, आणि अंड्यांच्या कोंबड्या तारेच्या पिंजऱ्यात कशा उभ्या असतात, यावर अधिसूचना काढायची तर रविवारच्या ताटाला हात घालावा लागेल. बंदीचे विरोधक हे बोट दाखवतात, तेव्हा त्यांचं चुकत नाही. मात्र त्यावरून बदकांना सोडून द्यावं, असंही काही निघत नाही.

दरम्यान प्रयोगशाळांनी वेगळी वाट धरली आहे. पॅरिसच्या गुर्मे या कंपनीनं बदकाच्या पेशी टाकीत वाढवून केलेल्या फ्वा ग्रासाठी जुलै २०२४मध्ये युरोपीय संघाकडे परवानगीचा अर्ज केला. मला जास्त गंमत वाटली ती माइन्झच्या माक्स प्लांक संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ थॉमस फिल्गिस यांच्या कामाची. ते स्वतः या पदार्थाचे चाहते, फक्त सक्तीचं भरवणं त्यांना खटकत होतं. त्यांनी साध्या बदकाचं साधं यकृत आणि त्याच पक्ष्याची चरबी घेतली. आधी कोलॅजन घालून पाहिलं, तर पदार्थ घट्ट झाला पण तोंडात विरघळेना. मग चरबीवर लायपेज हे विकर सोडलं. आपल्या आतड्यात चरबी फोडायचं काम अशीच विकरं करतात. लेझर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर चरबीचे स्फटिक आता मोठमोठ्या पुंजक्यांत जोडले जात होते, खऱ्या फ्वा ग्रात असतात तसेच. दाबून मोजलेली घट्टपणाची आणि लवचिकतेची मापंही जवळ आली. मार्च २०२५मध्ये हा शोधनिबंध ‘फिजिक्स ऑफ फ्लुइड्स’मध्ये छापून आला.

हा पदार्थ उद्या युरोपातल्या दुकानात आला, तरी त्यावर ‘फ्वा ग्रा’ असं छापता येणार नाही. युरोपीय नियमांनुसार ते नाव मिळण्यासाठी यकृताच्या पेशी चरबीनं फुगतील अशा रीतीनंच पक्ष्याला भरवलेलं असावं लागतं, आणि बदकाचं यकृत किमान तीनशे ग्रॅमचं, हंसाचं किमान चारशे ग्रॅमचं भरावं लागतं.