चर्मकाराचे हातयंत्र : किंमत आणि मोल

लघुउद्योगांच्या चर्चेत 'स्वस्त यंत्र' हा शब्दप्रयोग फार सैलपणे केला जातो. यंत्र स्वस्त झाले म्हणजे ते गरिबाच्या आवाक्यात आले, आणि आवाक्यात आले म्हणजे त्याची मिळकत वाढली, अशी ही जोडसमजूत आहे. ती तपासून पाहण्यासाठी पोलाद कारखान्यापर्यंत जाण्याचे कारण नाही. जाड चामडे शिवण्याचे, हाताने चाक फिरवून चालवायचे जे लहानसे चिनी यंत्र अलीकडे बाजारात दिसू लागले आहे, तेवढे उदाहरण पुरेसे आहे.

या यंत्राची रचना साधी आहे. ओतीव लोखंडाचा सांगाडा, बाजूला चाक आणि पुढे आलेली लांब, निमुळती भुजा. जोडा किंवा पिशवी या भुजेवर चढवली की आतल्या कोपऱ्यापर्यंत सुई पोहोचते. चामडे पुढे सरकवणारा फूट चहूकडे वळवता येतो, त्यामुळे वस्तू न फिरवता हव्या त्या दिशेने शिवता येते. ही कल्पना चिनी नव्हे. सिंगर कंपनी स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या कारखान्यात या जातीची दुरुस्तीची यंत्रे विसाव्या शतकात दीर्घकाळ बनवीत असे.

जाड चामड्यात सुई शिरणे ही खरी अडचण नाही. अडचण येते ती सुई वर येताना. चामडे सुईला घट्ट धरते आणि तिच्याबरोबर उचलले जाते. सुई किंचित वर येताच तिच्या अंगाशी दोऱ्याचा एक लहान फास तयार व्हावा लागतो. चामडे उचलले गेले की तो होत नाही, खालच्या शटलला तो पकडता येत नाही आणि टाका गळतो. म्हणून फुटाचा दाब भक्कम हवा, सुईचे टोक चामडे कापीत जाणारे हवे आणि तिची जाडी दोऱ्याला साजेशी हवी. ११० क्रमांकाची सुई म्हणजे १.१ मिलिमीटर जाडीची. तिच्या नेढ्यात दोरा कसाबसा शिरला एवढ्याने भागत नाही, तो मोकळा सरकला पाहिजे. शिवाय वरच्या आणि खालच्या दोऱ्याची गुंफण चामड्याच्या जाडीत मधोमध बसावी लागते. ती पृष्ठभागावर आली की घासून तुटते. येथे हाताच्या चाकाचा गुण दिसून येतो. भरधाव मोटारीवर सुई तापते, साधी मोटार सावकाश चालवावी तर जोर कमी पडतो. हाताने मात्र एकेक टाका सावकाश आणि पुऱ्या जोराने घालता येतो.

रस्त्याकडेला बसणारा आपला गटई कामगार आकडीच्या आरीने नेमके हेच करीत आला आहे. आरी चामड्यातून पार घालायची, आकडीत दोरा अडकवून त्याचा फास वर ओढायचा, दोऱ्याचे दुसरे टोक त्यातून ओवायचे आणि दोन्हीकडून आवळायचे. यंत्राच्या टाक्याची घडण हीच आहे. दोऱ्याचा ताण किती असावा हे ज्याच्या बोटांना ठाऊक आहे, त्याला यंत्राचा ताण समजावून सांगण्यास फार वेळ लागू नये. त्याला अशिक्षित समजून यंत्र 'शिकवायला' निघणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

मग प्रश्न कोठे आहे? तो यंत्राच्या स्वस्ताईतच आहे. परदेशी बाजारात शंभर-दीडशे डॉलरला मिळणारे हे यंत्र इतके स्वस्त पडते, याचे एक मोठे कारण त्याचे अखेरचे काम कारखान्यात पुरे केलेलेच नसते. ओतकामाच्या कडा खरखरीत राहतात, दोरा जेथून जातो तेथे बारीक खरे असतात आणि ते दोरा कापतात. सुई आणि शटल यांचा मेळ पुष्कळदा बसवून घ्यावा लागतो. बॉबिन तर इतकी लहान असते की जाड दोरा घातला की बघता बघता संपतो. कानस, बारीक पॉलिश पेपर आणि तेल घेऊन दोन दिवस खपले तर यंत्र चांगले चालू लागते. म्हणजे कारखान्याने वाचवलेले श्रम ग्राहकाच्या माथी आले. अमेरिकेत हौसेखातर चामड्याच्या वस्तू करणाऱ्या गृहस्थाला हे दोन दिवस म्हणजे करमणूक वाटेल. त्याच्या घरी कानसही असते आणि फुरसतही. रोजच्या कमाईवर चूल पेटवणाऱ्या कारागिराचे हे दोन दिवस यंत्राच्या किमतीत धरायचे की नाहीत? आपल्या हिशेबात ते धरले जात नाहीत.

इतिहासात याच्या उलट घडले आहे. एकोणिसाव्या शतकात सिंगरचे यंत्र सामान्य कुटुंबाला मुळीच स्वस्त नव्हते. कंपनीने १८५६ मध्ये हप्तेबंदी सुरू केली. तिचे विक्रेते घरोघर जाऊन हप्ते गोळा करीत आणि यंत्र चालवायलाही शिकवीत. अमेरिकेतील पादत्राणांच्या धंद्यात तळ शिवण्याची यंत्रे विकण्याऐवजी भाड्याने देण्याची प्रथा पडली. लहान कारखानदाराला भांडवलाशिवाय धंदा सुरू करता आला आणि दुरुस्ती यंत्राच्या मालकाकडे राहिली. याच प्रथेतून १८९९ मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड शू मशिनरी कंपनीची मक्तेदारी बळावली आणि १९५३ मध्ये न्यायालयाला तिच्याविरुद्ध निर्णय द्यावा लागला, हेही विसरता येत नाही. तरी मुद्दा उरतोच : ती यंत्रे महाग होती, पण एकटी येत नसत. आजचे यंत्र स्वस्त आहे आणि एकटेच येते.

गांधीजींनी १९२४ मध्ये यंत्रांविषयी बोलताना शिवणयंत्राला आपल्या टीकेतून वगळले होते. दक्षिण आफ्रिकेत ते स्वतः चपला करायला शिकले होते, तेव्हा शिवण्याचे कष्ट त्यांना केवळ ऐकून माहीत नव्हते. पण शिवणयंत्रे बनवायला कारखाने लागतातच, असे समोरून म्हटले गेले, तेव्हा असे कारखाने सरकारच्या मालकीचे वा नियंत्रणाखाली असावेत असे त्यांनी उत्तर दिले. यंत्राच्या मागे कोण उभे आहे, हा प्रश्न त्यांनी टाळला नाही. उत्तर आज कोणाला पटो वा न पटो.

सरकार या क्षेत्रात काही करीत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्रात चर्मोद्योगासाठी १९७४ पासून महामंडळ आहे आणि गटई कामगारांना पत्र्याचे स्टॉल देण्याची योजना परिचित आहे. केंद्राने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत चर्मकाराचा व्यवसाय आहे. ५ ते ७ दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे व्हाउचर आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व मग २ लाखांपर्यंत कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. योजना वाईट नाही. मात्र लाभ कुटुंबातील एकालाच आणि अवजारांची मदत एकदाच. ती एकदाच असल्यामुळे त्या पैशातून घेतलेले यंत्र बिघडून कोपऱ्यात पडले, तर दुसरी संधी नाही.

यंत्राकडून भलत्या अपेक्षाही नसाव्यात. कोल्हापुरी चपलेचा तळ चामड्याच्या वादीने हाताने शिवला जातो, आणि २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या चपलेचे मोल त्या हातकामातच आहे. तेथे या यंत्राचे काम नाही. बुटाचा जाड तळही त्याच्या शक्तीबाहेरचा आहे. त्याचे क्षेत्र म्हणजे जोड्याचा वरचा भाग, पट्टे, पाकिटे, पिशव्या. साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या चपला लोकांच्या पायांत आल्यापासून चप्पलदुरुस्ती आटत चालली असताना हेच क्षेत्र गटई कामगाराला तगवू शकते.

प्रस्तुत लेखकाच्या मते व्हाउचरचा काही भाग यंत्राऐवजी यंत्राच्या देखभालीसाठी राखून ठेवावा. जवळच्या आयटीआयमधील फिटरच्या विद्यार्थ्यांनी ही यंत्रे वाटपापूर्वी उघडून, घासून, मेळ बसवून द्यावीत. त्यांना तो उत्तम पाठ होईल. याने खर्च वाढेल हे खरे, आणि वाटलेल्या यंत्रांचा आकडा त्यामुळे थोडा कमी दिसेल. अहवाल लिहिणाऱ्यांना ते रुचणार नाही. पण जूनमध्ये शाळा उघडताना दप्तरांचे तुटलेले पट्टे आणि बिघडलेल्या चेन घेऊन मुले स्टॉलपुढे उभी राहतात, ते कमाईचे दिवस असतात. त्या दिवसांत ताणाची एक स्प्रिंग तुटली, तर ती मुंबईहून मागवायची की तालुक्याच्या आयटीआयच्या कपाटात ठेवायची, एवढे तरी यंदाच्या जूनपूर्वी ठरवता येईल.